संयुग्मी लस

जीवाणूच्या बाहेरच्या आवरणातील बहुशर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून केलेली लस. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा ‘बी’ (हिब), मेनिंगोकोकस व विषमज्वराचा जीवाणू यांच्याविरुद्ध अशा लसी वापरात आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील उपकेंद्रांवर त्यांपैकी दोन मोफत मिळतात : पाच रोगांवरील एकत्रित ‘पेंटा’ लसीतील हिबचा घटक आणि न्यूमोकोकसविरोधी पीसीव्ही.

या जीवाणूंचे आवरण शर्करेच्या लहान घटकांच्या लांबलचक साखळ्यांचे असते. चवीला गोड असण्याशी त्याचा संबंध नाही. रक्तातील पूरक प्रथिने जीवाणूवर बसली तरी आवरणामुळे ती झाकली जातात आणि भक्षक पेशींना जीवाणू धरता येत नाही. त्या विशिष्ट शर्करेला चिकटणारी प्रतिपिंडे असली, तरच तो गिळला जातो. न्यूमोकोकसची शंभराहून अधिक आवरणे ज्ञात आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यावर सहसा चालत नाहीत. म्हणून लसीच्या नावापुढे, तिच्यात किती प्रकार आहेत ते सांगणारे, १०, १३, २३ असे आकडे दिसतात.

आवरण शर्करेचे आहे हे ऑस्वल्ड एव्हरी व मायकेल हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्ये दाखवले. नुसत्या शुद्ध शर्करेची लस प्रौढांना उपयोगी पडते, हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवरील चाचणीत सिद्ध झाले. तिचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. अडचण तान्ह्या मुलांची होती. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर सर्वाधिक त्यांनाच गाठतात, आणि नेमक्या त्यांच्यातच ही लस निष्प्रभ ठरे.

याचे कारण प्रतिकारसंस्थेच्या रचनेत आहे. शर्करेच्या साखळीत तोच तो आकार पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे बी-पेशीवरचे अनेक ग्राहक एकदम जखडले जातात आणि ती टी-पेशीच्या मदतीवाचून प्रतिपिंडे बनवू लागते. हे काम मुख्यतः प्लीहेच्या सीमावर्ती भागातील बी-पेशी करतात. दोन वर्षांखालील मुलांत तो भाग पुरेसा विकसित नसतो. (प्लीहा काढून टाकलेल्या माणसाला हेच आवरणधारी जीवाणू जन्मभर धोक्याचे असतात.) प्रौढांतही हा प्रतिसाद उथळ असतो : प्रतिपिंडांची पकड कालांतराने सुधारत नाही, स्मृतिपेशी फारशा तयार होत नाहीत. शुद्ध शर्करेचा डोस पुन्हा दिल्यास काही वेळा प्रतिसाद वाढण्याऐवजी घटतो.

टी-पेशींना पेशीपृष्ठावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात. शर्करा बहुतेक वेळा त्यांच्या नजरेत येत नाही. शर्करेला प्रथिन जोडले की शर्करा ओळखणारी बी-पेशी ते सारे गिळते, प्रथिनाचे तुकडे करून टी-पेशीपुढे मांडते आणि तिची मदत मिळवते. शर्करा ओळखली एकीने, प्रथिन ओळखले दुसरीने, आणि प्रतिपिंडे तयार झाली शर्करेविरुद्ध. ही थोडीशी फसवणूकच आहे, पण विलक्षण यशस्वी. तिच्यामुळे तान्ह्यांतही स्मृतिपेशी तयार होतात. शिवाय नाकाघशात जीवाणू वस्तीला राहण्याचे प्रमाण घटते, म्हणून लस न घेतलेल्यांनाही काही संरक्षण मिळते. एव्हरी व वॉल्थर गोबेल यांनी ही जोडणी सशांवर १९२९-३१ च्या सुमारास करून पाहिली होती. हिबसाठी ती प्रत्यक्षात आणणारे जॉन रॉबिन्स व रेचल श्नीरसन यांचे काम १९८० चे; मधली पन्नास वर्षे प्रतिजैविकांच्या भरवशावर गेली.

वाहक प्रथिन म्हणून धनुर्वाताचे टॉक्सॉइड (निर्विष केलेले विष) किंवा घटसर्पाच्या विषाचे एका अमिनो आम्लाच्या फरकाने निरुपद्रवी झालेले रूप वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने धनुर्वाताचे टॉक्सॉइड जोडून केलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही मेनिंगोकोकस ‘ए’ची लस ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत सुरू झाली. डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत होती. आफ्रिकेच्या मेंदूज्वरप्रवण पट्ट्यातील ‘ए’ प्रकारच्या साथी त्यानंतर जवळजवळ थांबल्या. याच संस्थेच्या दहा प्रकारांच्या ‘न्यूमोसिल’ला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. मेनिंगोकोकस ‘बी’पुढे मात्र ही युक्ती चालत नाही. त्याची शर्करा मानवी चेतापेशींवरील शर्करेसारखी असल्याने शरीर तिला परके मानत नाही. तिथे वेगळ्या, प्रथिनाधारित लसी कराव्या लागल्या.

महाराष्ट्रात पेंटा २०१५ मध्ये आणि पीसीव्ही जुलै २०२१ मध्ये नियमित लसीकरणात आली. पेंटा ६, १०, १४ आठवड्यांना बाळाच्या डाव्या मांडीत देतात; पीसीव्ही ६ व १४ आठवड्यांना आणि वर्धक मात्रा ९ महिन्यांना, उजव्या मांडीत. कराड, वाळवा, पलूस या ऊसपट्ट्यात हे वेळापत्रक गळीत हंगामाशी भिडते. बीडकडून, तसेच सांगलीच्याच जत तालुक्यातून तोडणीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा टोळीतल्या, सप्टेंबरच्या आरंभी गावी जन्मलेल्या मुलाचा पहिला डोस ऑक्टोबरच्या मध्यात, म्हणजे निघण्याच्या धांदलीत येतो. १४ आठवड्यांचा डोस डिसेंबरात फडाजवळच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) असताना आणि वर्धक मात्रा जूनमध्ये पुन्हा गावी. चुलीचा धूर आणि दाटीवाटी यांमुळे न्यूमोनियाचा धोकाही कोपीवरच जास्त.

अशा मुलाचा डोस लांबला तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, कारण आधीच्या डोसने घडलेल्या स्मृतिपेशी टिकून असतात. मधल्या काळातील संरक्षण मात्र अपुरे राहते. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत मिळालेला असावा लागतो. तो मिळाला असेल तर उरलेले डोस पहिल्या वाढदिवसानंतरही पूर्ण करता येतात, आणि ते कोणत्याही जिल्ह्याच्या शासकीय केंद्रात घेता येतात. कोणता डोस कधी झाला याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर असते. टोळीबरोबर निघताना ते सोबत नेणे म्हणून आवश्यक ठरते.