उशिरा ऐकू आलेला अल्बम : न्यूट्रल मिल्क हॉटेलची दुसरी ध्वनिमुद्रिका आणि तिचा श्रोतृवर्ग

१० फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मर्ज रेकॉर्ड्स या लहानशा संस्थेने ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम प्रकाशित केला, तेव्हा त्याच्या सुमारे ५,५०० सीडी आणि १,६०० तबकड्या काढण्यात आल्या होत्या. ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या वाद्यवृंदाची ही दुसरी ध्वनिमुद्रिका होती. पहिली, ‘ऑन एव्हरी आयलंड’, १९९६ मध्ये येऊन गेली होती आणि तिचा खप पाहूनच प्रकाशकांनी दुसरीचा अंदाज बांधला होता. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, सीडीसुद्धा मागे पडू लागली असताना, अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांच्या वार्षिक यादीत हाच अल्बम सहाव्या क्रमांकावर होता. त्या एका वर्षात त्याच्या दहा हजारांहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या, म्हणजे प्रथम प्रकाशनाच्या वेळी काढलेल्या तबकड्यांच्या सहापटीहून अधिक. मधल्या काळात या वाद्यवृंदाने एकही नवा अल्बम काढला नव्हता.

या दोन आकड्यांमधील अंतराची उपपत्ती सामान्यतः एका ठरलेल्या कथेने लावली जाते : थोर कलाकृती, अरसिक समकालीन, आणि कालांतराने झालेला न्याय. ही कथा आकर्षक आहे. परंतु या अल्बमच्या बाबतीत ती पुरती खरी नाही. १९९८ मधील श्रोत्यांनी त्याची उपेक्षा केली असे म्हणता येत नाही. त्यांनी तो ऐकला, बऱ्यापैकी वाखाणला आणि बाजूला ठेवला. नंतरच्या श्रोत्यांनी जे ऐकले ते मात्र काही अंशी वेगळेच होते. ध्वनिमुद्रण तेच राहिले, पण त्याच्याभोवतीचा अर्थ बदलला. हा बदल कसा घडला, हाच येथे विचारात घ्यावयाचा मुद्दा आहे.

वाद्यवृंदाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. त्याचा प्रवर्तक जेफ मॅंगम हा लुइझियाना राज्यातील रस्टन या गावचा. रॉबर्ट श्नायडर, बिल डॉस आणि विल कलन हार्ट हे त्याचे शाळेपासूनचे सोबती. घरगुती टेपरेकॉर्डरवर गाणी मुद्रित करायची आणि त्या कॅसेट एकमेकांना द्यायच्या, एवढ्यावर या मुलांचे संगीतशिक्षण झाले. पुढे याच मित्रमंडळातून ‘एलिफंट सिक्स’ नावाचा संगीतकारांचा सैलसा गट उभा राहिला. (श्नायडर पुढे गणिताकडे वळला आणि २०१८ मध्ये त्याने त्या विषयात डॉक्टरेट मिळवली, हेही या मंडळींच्या स्वभावाशी जुळणारेच आहे.) ‘ऑन एव्हरी आयलंड’ मुद्रित झाला तेव्हा खऱ्या अर्थाने वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. मुख्य काम मॅंगम आणि श्नायडर यांनीच केले होते. दौऱ्यासाठी माणसे हवीत म्हणून ज्युलियन कोस्टर, जेरेमी बार्न्स आणि स्कॉट स्पिलेन एकत्र आले आणि मग त्यांचा मुक्काम जॉर्जियातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी पडला. दुसरा अल्बम हा या चौघांचा खरा पहिला अल्बम होय.

‘इंडी’ या विशेषणाचा मूळ अर्थ आर्थिक आहे, शैलीचा नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, स्वतःच्या अथवा मित्रांच्या लहान संस्थेमार्फत संगीत प्रकाशित करणे, एवढाच तो अर्थ. मर्ज ही संस्था १९८९ मध्ये ‘सुपरचंक’ या वाद्यवृंदातील लॉरा बॅलन्स आणि मॅक मॅककॉहन यांनी सुरू केली होती. अशा संस्थांकडे जाहिरातीचा पैसा नसे. त्यांचे श्रोते महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे, तबकड्यांची छोटी दुकाने आणि मोजकी नियतकालिके यांतून तयार होत. शेपाचशे माणसांच्या सभागृहात कार्यक्रम झाला की यश मिळाले, असे मानणारे हे जग होते. त्या मापाने १९९८ मधील स्वागत मुळीच वाईट नव्हते. ‘व्हिलेज व्हॉइस’ने संगीतसमीक्षकांच्या घेतलेल्या वार्षिक मतदानात हा अल्बम पंधरावा आला. ‘पिचफोर्क’ने दहापैकी ८.७ गुण दिले. ‘रोलिंग स्टोन’ने मात्र पाचपैकी तीन तारे देऊन, लोकगीताच्या ढंगाने जो आधीच मोहून गेलेला नाही त्याला हे संगीत काहीसे अशक्त वाटेल, असा अभिप्राय नोंदवला. हा अभिप्राय नंतरच्या भक्तांनी अरसिकतेचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला. तो शांतपणे वाचला तर त्यात एक प्रामाणिक अडचण दिसते. हे संगीत ज्याच्या मनाची कवाडे आधीच उघडी आहेत त्याच्यासाठी आहे, हे त्या परीक्षकाने बरोबर ओळखले होते. चुकला तो अशा श्रोत्यांच्या संख्येबद्दल.

ध्वनिमुद्रण जुलै ते सप्टेंबर १९९७ या काळात डेन्व्हर येथे श्नायडरच्या ‘पेट साउंड्स’ या स्टुडिओत झाले. हा स्टुडिओ त्या वेळी एका मित्राच्या राहत्या घरात थाटलेला होता. अल्बममध्ये अकरा तुकडे असून एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आतच आहे. गिटारच्या साध्या स्वरमेळांवर उभारलेली गाणी, त्यांवर ट्रॉम्बोन, फ्लूगलहॉर्न, ॲकॉर्डियन, बॅंजो, आयरिश पाइप्स आणि गज फिरवून वाजवलेली सुताराची करवत असा हा मेळ आहे. करवतीचा तो कापरा, जवळजवळ माणसाच्या रडण्यासारखा स्वर कोस्टरचा. साध्या गिटारचा आवाज मुद्दाम एवढा चढवला आहे की तो कडांना फाटतो. मॅंगमचा गळाही असाच, वरच्या पट्टीत ताणून तुटेल की काय असे वाटावे इतका. कसलेल्या गायकाची सफाई त्यात शोधू नये. त्या फाटलेपणातच आर्जव आहे, आणि नव्या श्रोत्याला पहिल्या मिनिटातच या अल्बमच्या आत किंवा बाहेर ढकलणारी गोष्टही तीच आहे.

परंतु या अल्बमच्या स्वीकाराचा इतिहास केवळ नादाच्या अंगाने लिहिता येणार नाही, कारण त्याच्या मुळाशी एका पुस्तकाचे वाचन आहे. पहिल्या अल्बमच्या सुमारास मॅंगमच्या हाती ॲन फ्रॅंकची दैनंदिनी आली. ती वाचून आपण काही दिवस रडत होतो आणि कालयंत्रातून मागे जाऊन तिला वाचवता येईल अशी स्वप्ने आपल्याला पडत, असे त्याने १९९८ मध्ये ‘पंक्चर’ या नियतकालिकाच्या मुलाखतीत सांगितले. ॲन १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत वारली. तिचे वय पंधरा होते. दैनंदिनी २५ जून १९४७ रोजी डच भाषेत प्रकाशित झाली. पुढे जगातील बहुतेक प्रमुख भाषांत, मराठीतही, ती आली. जगभर ती बहुधा कुमारवयात वाचली जाते. मॅंगमने ती विशी उलटल्यावर वाचली, आणि कुमारवयीन वाचकाच्या पूर्ण शरणागतीने वाचली. अल्बमभर ही मुलगी वावरते; पण तिचे पूर्ण नाव कुठेही घेतलेले नाही. ‘हॉलंड, १९४५’ हे एका गाण्याचे शीर्षक हा सर्वांत उघड संकेत होय. आता, १९४५ मध्ये ॲन हॉलंडमध्ये नव्हती. सप्टेंबर १९४४ मध्येच तिला तेथून हलवण्यात आले होते. शीर्षकातील स्थळ आणि साल यांनी मिळून एक असा देश निर्माण केला आहे जो इतिहासात नाही, आणि अल्बमचे भूगोलशास्त्र नेमके असेच आहे.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. डेन्व्हरमधील ध्वनिमुद्रण संपले त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९७ मध्ये, ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात सिंथिया ओझिक या लेखिकेचा ॲन फ्रॅंकवर मालकी कोणाची, असा रोखठोक प्रश्न विचारणारा निबंध आला. नाटक, चित्रपट आणि शालेय वाचन यांनी या दैनंदिनीचे गोडगोड आशावादात रूपांतर केले, छळछावणी पुसून टाकली, असे तिचे प्रतिपादन होते. ही दैनंदिनी वाचण्याऐवजी जळाली असती तर बरे, या टोकापर्यंत ती गेली. मॅंगमने हा निबंध वाचला होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही ओझिकची कसोटी त्याच्या अल्बमला लावणे टाळता येत नाही. एका अमेरिकन तरुणाने एका मृत ज्यू मुलीवर प्रेम करावे, तिला स्वप्नात वाचवावे, आणि तिच्या मृत्यूतून स्वतःच्या दुःखाला स्वर द्यावा, हे अपहरणच नव्हे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. त्याला पूर्ण नव्हे, पण अंशतः उत्तर अल्बममध्येच आहे. रंगभूमीवरील ॲन प्रेक्षकाला धीर देते. येथील ॲन कोणालाही धीर देत नाही. तिला वाचवण्याची इच्छा पुन्हा पुन्हा उच्चारली जाते आणि प्रत्येक वेळी ती निष्फळ ठरते. शरीर, मृत्यू, कामवासना आणि प्रार्थना यांची सरमिसळ इतकी ओबडधोबड आहे की तिच्यातून सांत्वनपर बोध काढणे अवघड जावे. तरीही नंतरच्या अनेक श्रोत्यांनी तो काढला, हे नमूद केलेच पाहिजे.

१९९८ च्या वसंतापासून शरदापर्यंत वाद्यवृंदाने अमेरिकेत व युरोपात कार्यक्रम केले आणि मग सारे थांबले. मॅंगमने वाद्यवृंद विसर्जित केल्याची घोषणा केली नाही. त्याने केवळ पुढचे काही केले नाही. बल्गेरियात कोप्रिव्श्तित्सा येथे दर पाच वर्षांनी भरणाऱ्या लोकसंगीत महोत्सवात २००० मध्ये त्याने केलेली मुद्रणे २००१ मध्ये प्रकाशित झाली. त्यांत त्याचा स्वतःचा आवाज नाही. या मौनाने अल्बमच्या स्वीकाराची दिशा बदलली. पुढचा अल्बम आला असता तर दुसरा अल्बम एका प्रवासातील टप्पा ठरला असता. तो आला नाही, म्हणून हा अंतिम शब्द झाला. ज्याने एवढे गायले त्याला पुढे गाता येईना, अशी समजूत पसरली आणि प्रत्येक नवा श्रोता ती समजूत बरोबर घेऊनच अल्बमपाशी येऊ लागला. २००८ मध्ये ‘स्लेट’ने मॅंगमची तुलना एकांतवासी कादंबरीकार जे. डी. सॅलिंजरशी केली. तुलना चटपटीत होती. पण तिने एका माणसाच्या थकव्याला वाङ्मयीन आख्यायिकेचे रूप दिले.

समीक्षेनेही आपली मोजमापे बदलली. २००३ मध्ये ‘पिचफोर्क’ने नव्वदच्या दशकातील शंभर अल्बम निवडले तेव्हा हा चौथा होता, २००५ मध्ये ब्रिटनमधील पुनःप्रकाशनाच्या वेळी त्याच नियतकालिकाने ८.७ च्या जागी दहापैकी दहा गुण दिले. ‘मॅग्नेट’ने १९९३ ते २००३ या काळातील सर्वोत्तम अल्बम म्हणून याचीच निवड केली. २००५ मध्येच किम कूपर यांचे या एका अल्बमवरचे पुस्तक आले. ‘आर्केड फायर’ हा कॅनडातील वाद्यवृंद मर्जकडे वळण्यामागे हा अल्बमही एक कारण होता. त्यांचा ‘फ्युनरल’ (२००४) पुढे मर्जच्या भरभराटीला कारणीभूत ठरला. याद्या आणि गुण यांना एका मर्यादेपलीकडे महत्त्व देऊ नये. त्या समाजाचे मत घडवतात त्याहून अधिक ते नोंदवतात. खरा प्रसार हातोहात झाला : थोरल्या भावाने धाकट्या बहिणीला, वसतिगृहातील एकाने खोलीतल्या दुसऱ्याला, आणि २००० नंतर संगणकावरील फाइलींच्या देवघेवीतून. मॅंगम आणि त्याच्या शाळासोबत्यांनी रस्टनमध्ये कॅसेट फिरवल्या होत्या त्याच रीतीची ही विस्तारित आवृत्ती होती. असा प्रसार खाजगी असतो, आणि प्रत्येक श्रोत्याला अल्बम आपल्याच मालकीचा वाटू लागतो. या मालकीभावाची पुढे टवाळीही झाली. ‘एरोप्लेन’चा भक्त हा इंडी जगातील विनोदाचा एक ठरावीक विषय बनला; अतिरेकी भाविकतेवरची ही प्रतिक्रिया अन्यायाची म्हणता येणार नाही. ओझिकचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात परत आला. ॲन फ्रॅंकवर मालकी सांगणाऱ्या अल्बमवर आता हजारो अनोळखी माणसे मालकी सांगत होती, आणि त्याचा कर्ता दाराआड होता.

तो दार उघडून बाहेर आला तो हळूहळू. मे २०१० मध्ये न्यूझीलंडचे आजारी संगीतकार ख्रिस नॉक्स यांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या कार्यक्रमात मॅंगमने काही गाणी म्हटली. २०११ मध्ये त्याने एकट्याने दौरे सुरू केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झुकॉटी पार्कमध्ये धरणे धरून बसलेल्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’च्या आंदोलकांपुढेही तो गायला. २०१३ च्या शरदात चौघे पुन्हा एकत्र आले आणि २०१५ पर्यंत कार्यक्रम करीत राहिले. जाणकारांच्या अपेक्षेप्रमाणे नवी गाणी आली नाहीत. सभागृहे मात्र १९९८ च्या कित्येक पट मोठी होती, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकजण अल्बम निघाला तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मॅंगम त्यांना बरोबर गाण्यास सांगे. शब्द तर त्यांना पाठ होतेच; करवतीचे आणि ट्रॉम्बोनचे सूरही ते तोंडाने म्हणत. छायाचित्रे व चित्रीकरण करू नये अशी विनंती करणारे फलक दारावर लावलेले असत. हातोहात पसरलेल्या या संगीताच्या श्रोत्यांनी ती बहुतांशी पाळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मर्जने वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे एकत्रित संचाच्या रूपाने प्रकाशित केली, आणि त्या संचात पूर्ण लांबीचे स्टुडिओ अल्बम दोनच होते.