मेंढपाळ, माउली आणि बळी

मराठीत कुणाला मेंढरू म्हटले तर तो त्याचा गौरव ठरत नाही. खाली मान घालून पुढच्याच्या मागे जाणारा, असाच त्याचा अर्थ. तरीही मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाला मेंढपाळ म्हणतो आणि स्वतःला त्याच्या कळपातले मेंढरू. परक्या भूमीतले हे रूपक मराठीत आले तेव्हा त्याचे नेमके काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. त्या शोधाची एक वाट पुण्याच्या बुधवार पेठेत येऊन पोहोचते.

हे रूपक जन्मतः राजकीय आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. प्राचीन पश्चिम आशियात मेंढपाळ म्हणजे राजा. बाबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवतो. बायबलमधील यहेज्केल हा संदेष्टा इस्राएलच्या सत्ताधाऱ्यांना याच शब्दाने धारेवर धरतो : कळपाची लोकर तुम्ही पांघरता, पुष्ट मेंढरे कापून खाता, पण कळपाला चारत नाही, म्हणून आता देव स्वतःच त्याची राखण करील. पुढे लूकच्या शुभवर्तमानात शंभरांतले हरवलेले एक मेंढरू शोधायला निघालेला धनी येतो, योहानाच्या शुभवर्तमानात कळपासाठी प्राण देणारा मेंढपाळ येतो. थोडक्यात, या प्रतिमेत दोन धागे आहेत : एक सत्तेला जाब विचारणारा, दुसरा मायेचा.

दख्खनला मेंढपाळ देव नवा नव्हता. जेजुरीचा खंडोबा बाणाईसाठी धनगरवाड्यात चाकरीला राहतो, मेंढरे राखतो, ती मारतो आणि पुन्हा जिवंतही करतो, ही कथा वाघ्या-मुरळी आजही गातात. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांचा अभ्यास करून पशुपालकांचे हे दैवतविश्व किती समृद्ध आहे ते दाखवून दिले. पण प्रचलित मराठी बायबलमधला देव ‘धनगर’ नाही, ‘मेंढपाळ’ आहे. धनगर म्हटले की जात आली. मेंढपाळ म्हटले की केवळ काम उरते. या शब्दाने देवाला जातीच्या उतरंडीबाहेर ठेवले, पण त्याच वेळी जेजुरीच्या वाटेवर मेंढरे हाकणाऱ्या खऱ्या माणसापासून त्याला दूरही नेले.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. म्हणजे रूपकाचा एक अंश पदनाम झाला. मायेचा अंश मात्र दुसरीकडे गेला. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपल्या कवितेत ख्रिस्ताला आई आणि गुरू अशी हाक मारतात. वारकरी परंपरेने विठ्ठलाला माउली केले, तीच वाट टिळकांनी ख्रिस्तासाठी मोकळी केली. मराठी कानाला हे नाते अधिक जवळचे होते; कारण मेंढरू कायम मेंढरूच राहते, लेकरू मात्र मोठे होते.

राहिला तो जाब विचारणारा धागा. तो ज्याने उचलला त्याने बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. २०२३च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी ती जीर्ण वास्तू पाडण्यात आली. १८७३च्या ‘गुलामगिरी’त फुले येशूकडे पाहतात ते एक बळीराजा म्हणून. हा बळी म्हणजे कुणब्यांच्या घरी दसरा-दिवाळीला ओवाळताना ज्याचे राज्य पुन्हा येवो असे मागितले जाते तो राजा. फुल्यांनी मेंढपाळाच्या जागी शेतकऱ्यांचा राजा आणला. हे रूपकाचे विकृतीकरण नव्हे. हम्मुराबी आणि यहेज्केल यांना अभिप्रेत असलेला ‘प्रजेचा राखणदार’ हा अर्थच त्यांनी मराठी मातीत परत आणला. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये कुणबी, माळी आणि धनगर मुळात एकच असे ते मांडतात, तेव्हा राखणारा आणि पिकवणारा यांतली भिंतही पडते.

पण फुले इथेच थांबत नाहीत. १८७३ सालीच स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे एक मूलभूत तत्त्व असे की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही. ज्या समाजात भटाशिवाय लग्न लागत नव्हते तिथे हे बंड होते. त्याचा रोख पुरोहितावर होता; तरी तर्काने पाहता तो पाळकालाही लागू पडतो. भिडे वाड्यात मुलींच्या हाती पाटी देणाऱ्या माणसाला कुणीही मेंढरू राहावे हे मान्य होण्यासारखे नव्हते.

म्हणून या प्रतिमेचा मराठी इतिहास हा केवळ भाषांतराचा इतिहास नाही. आपली काळजी कुणीतरी घ्यावी ही माणसाची आस खरी आहे. टिळकांच्या कवितेत तिला घर मिळाले. पण जो राखतो तो काय खातो, हा यहेज्केलचा प्रश्नही तितकाच खरा आहे. भक्तीच्या भाषेचा अभ्यास करताना आपण पहिली गोष्ट प्रेमाने वाचतो आणि दुसरी समाजसुधारणेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मुळात ती दोन्ही एकाच शब्दात होती.