आमच्या घराची चार आरसीबुके

आपल्या सभा-संमेलनांतून दलित मध्यमवर्गाची चर्चा निघाली की 'गाडी' हा शब्द हमखास येतो. नोकरी, फ्लॅट, गाडी आणि मग चळवळीचे विस्मरण, अशी ती ठरलेली मांडणी असते. या मांडणीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ती करताना गाडी ही जणू १९९१ नंतर आपल्या दारात आकाशातून पडली, असे गृहीत धरले जाते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे, आणि तपासायला स्वतःचे घर सगळ्यात जवळचे. आमचे घर ओतूरचे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. या घरात जुनी दानपत्रे नाहीत, सनदा नाहीत. पत्र्याच्या पेटीत जे कागद आहेत त्यांत वाहनांची तीन आरसीबुके, एक आरसी कार्ड आणि वडिलांची भाड्याच्या हिशेबाची वही आहे. आमचे दप्तर ते एवढेच.

आमच्या तालुक्याचा वाहतुकीचा इतिहास सांगणारे सातवाहनांपासून सुरुवात करतात. नाणेघाटातल्या दगडी रांजणाला जकातीचा रांजण म्हणतात. तिथल्या लेण्यातील लेखात यज्ञाच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आहेत. पण घाट चढून माल वर आणणाऱ्या माणसांचा आकडा कुठल्याही भिंतीवर कोरलेला नाही. आमचा आजा त्या न कोरलेल्या माणसांच्या वंशातला. सरकारी अंमलदाराचा मुक्काम हलला की त्याचे सामान डोक्यावरून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे, साऱ्याचा भरणा घेऊन जाणाऱ्याबरोबर जुन्नरच्या कचेरीपर्यंत चालायचे, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, ही वतनातली कामे. म्हणजे आमच्या घरात वाहन फार पूर्वीपासून होते. ते दोन पायांचे होते आणि त्यावर मालकी गावाची होती. वतनाची ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. प्रत्यक्षात महार वतन खालसा झाले ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या कायद्याने जमिनी नावावर करून घेता आल्या, पण नवीन शर्तीने. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. ही शर्त वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

वाहनाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध बाबासाहेबांइतका नेमका कोणी मांडलेला नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मकथनपर लेखन १९९० साली पुस्तिकारूपाने आले. त्यातले दोन प्रसंग गाडीचे आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली साताऱ्याची मुले मसूर स्टेशनात उतरली. पोरे महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर ते बॅरिस्टर झाले होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरत होते. टांगेवाल्यांनी हाकायला नकार दिला, तेव्हा महारवाड्यातल्या लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि न हाकता येणारा आपल्यातला एक जण पुढे बसवला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपले विद्यार्थी हे प्रसंग वाचतात आणि त्यात अपमान तेवढा पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पैसा होता, भाडे दुप्पट द्यायची तयारी होती, गाडीही मिळाली, फक्त हाकणारा मिळाला नाही. आपल्या माणसाच्या हातात कासरा नव्हता, कारण तो कधी येऊच दिला नव्हता. आमच्या घराची पुढची पन्नास वर्षे तो कासरा हातात घेण्यात गेली.

मध्ये एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी बस धावली आणि पुढे ती आमच्या कल्याण-नगर रस्त्यालाही लागली. एसटीने दलितांसाठी काय केले, यावर आपल्याकडे कोणी नीट लिहिले नाही. बसमध्ये जागा तिकिटाने मिळते, जातीने नाही, ही गोष्ट हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणाऱ्या गावात लहान नव्हती. आजा मात्र कितीतरी वर्षे बसमध्ये मागच्या दारापाशी खालीच बसे. एका कंडक्टरने त्याला म्हटले, "तिकीट काढलंय ना बाबा, मग बाकावर बसा की." हे वाक्य आजा मरेपर्यंत सांगत असे. तो कंडक्टर कोणत्या जातीचा होता हे त्याने कधी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

पहिले आरसीबुक १९७९ चे, प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीचे, मालकाचा पत्ता वरळीची बीडीडी चाळ. आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, १९६८ साली मुंबईला गेले. आधी टॅक्स्या धुतल्या, मग बदली ड्रायव्हर झाले. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे, पेट्रोल आपले, उरेल ती कमाई. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि टॅक्सी-रिक्षावाल्यासारख्या लहान माणसाला कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य ठरले. हा निर्णय झाला नसता तर तात्या बदलीच राहिले असते. तो काळ असा होता, की पैसेवालासुद्धा फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. त्या काळात महारवाड्यातून गेलेल्या माणसाच्या नावावर फियाट झाली, तीही पोटासाठी. तात्यांच्या टॅक्सीत मागे कोण कोण बसले याची यादी कोणी केलेली नाही, पण बसणाऱ्याने ड्रायव्हरची जात विचारली नाही एवढे खरे. मुंबईचा हा गुण मानलाच पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चाळीतली चूल त्या मीटरवर पेटू लागली. एका टॅक्सीवर दोन पाळ्या, दिवसा तात्या आणि रात्री गिरणीतून बाहेर पडलेला आमचाच एक नातलग. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. त्या लेखांत गाडीच्या गोल दिव्यांचे पुष्कळ कौतुक होते. चालवणाऱ्यांच्या गावांची नावे मला सापडली नाहीत.

दुसरे आरसीबुक जीपचे. इथे गोष्ट मुंबईतून ओतूरला येते आणि अवघड होते. माझे वडील, दादा, एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. १९९४ साली त्यांनी आळेफाटा-ओतूर रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे ठरवले. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले होते. महामंडळाचे बीजभांडवल, बँकेचे कर्ज आणि थोडा आपला हिस्सा, अशी योजना. महामंडळाने प्रकरण मंजूर केले, बँकेत ते अडले. तारण काय, असा प्रश्न आला. जमीन होती, पण नवीन शर्तीची. ज्या कायद्याने आम्हाला वतनाच्या जोखडातून सोडवले, त्याच्याच शर्तीने ती जमीन बँकेच्या टेबलावर बिनकामाची ठरवली. दादांनी त्या बँकेच्या किती खेपा घातल्या याचा हिशेब वहीत आहे, कारण प्रत्येक खेपेचे एसटीभाडे त्यांनी लिहून ठेवले. शेवटी आपल्याच समाजातल्या दोन शिक्षकांनी पगारपत्रक लावून जामीनकी दिली. चळवळीने काय दिले असे विचारणाऱ्यांना मी ही दोन पगारपत्रके दाखवतो. बाकीचा हिस्सा आईच्या डोरल्यातून आला. ते डोरले पुन्हा झाले नाही.

जीप दारात उभी राहिल्यावर खरा वाद सुरू झाला तो पुढच्या काचेवर काय लिहायचे यावरून. स्टँडवरच्या इतर जीपगाड्यांवर कपर्दिकेश्वर प्रसन्न होता, कुणावर तुळजाभवानी होती. थोरला भाऊ म्हणाला, "जय भीम लिहू." दादा म्हणाले, "काच कोरी राहील. कर्ज फिटू दे, मग लिही." पाच वर्षे काच कोरी राहिली. भाऊ त्यांना भित्रा म्हणे, आणि त्या वयात मलाही तसेच वाटे. आज वही वाचताना मी तसे म्हणणार नाही. बाजारच्या दिवशी आणि श्रावणी सोमवारच्या यात्रेला नंबरात उभी असलेली जीप कोणी जात पाहून सोडत नसे, कारण घाई असे. पण लग्नाचे भाडे घरी येऊन ठरवतात, तिथे नाव-गाव विचारले जाते. १९९९ साली हप्ते संपले आणि भावाने निळ्या रंगात ठसठशीत 'जय भीम' रंगवून घेतले. पुढच्या लग्नसराईत दोन-तीन बड्या घरांची नेहमीची भाडी वहीतून नाहीशी झाली. कोणी काही बोलले नाही, भांडण नाही, शिवी नाही. फक्त नोंद नाही. उलट १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिल, ६ डिसेंबरला चैत्यभूमी अशी नवी भाडी येऊ लागली. दोन्हींची बेरीज जुळत नाही, तोटाच दिसतो. दादांनी तो तोटा एकदाही बोलून दाखवला नाही. काचेवरचे अक्षर उन्हाने फिके झाले की तेच ते पुन्हा रंगवून आणीत.

याच जीपमध्ये आई पुढच्या सीटवर कधी बसली नाही. पुढची जागा भाड्याची. शेतावर मजुरीला ती पायी जाई, आणि फाट्यावर आमचीच जीप तिच्या शेजारून भरून निघून जाई. आजा घोड्यापुढे पळाला हे आपण भाषणात सांगतो, पण ही गोष्ट सांगत नाही. टॅक्सी, जीप आणि २०११ साली भावाने घेतलेली पिकअप या तिन्ही आरसीबुकांत बाईचे नाव नाही. चौथे बुक नाही, प्लास्टिकचे कार्ड आहे, २०१९ चे, एका जुन्या ऑल्टोचे. ते माझ्या पत्नीच्या नावावर आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिच्या पतसंस्थेचे कर्ज, आणि शाळा आडरानात असल्याने गाडी तीच चालवते. मी बहुधा बाजूला बसतो.

आता सुरुवातीच्या मांडणीकडे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अवघ्या ४.७ टक्के घरांत मोटार, जीप किंवा व्हॅन होती. म्हणजे जात कोणतीही असो, शंभरातल्या पंचाण्णव घरांत चारचाकी नव्हती. अशा देशात आमच्या घरात चार वाहने होऊन गेली, हे ऐकून आमचे मित्र भुवया उंचावतात. त्यांतली तीन पोटासाठी होती आणि प्रत्येक वेळी पुढे बसलेला आमचा माणूस ड्रायव्हर होता. त्याला मध्यमवर्ग म्हणायचे की चाकांवरचा मजूर, हे चर्चा करणाऱ्यांनी ठरवावे. चळवळ विसरण्यासाठी आधी फुरसत लागते, ती आमच्यात फक्त चौथ्या गाडीला मिळाली. तेव्हा बोट दाखवायचे तर चौथीकडे दाखवावे, माझी हरकत नाही.

भावाची पिकअप कांद्याच्या हंगामात ओतूरच्या उपबाजारात रात्रीपासून रांगेत लागते. गोणी दुसऱ्याच्या, भाडे आपले. काचेवर निळे अक्षर आहे आणि आता त्यावरून भाडे जात नाही, कारण कांदा सडतो, तो थांबत नाही. आमच्या नवीन शर्तीच्या तुकड्यात मात्र अजून पाणी नाही, तिथे कांदा होत नाही. विहिरीसाठी अर्ज केलेला आहे.