वनप्रमाणन : मिळवण्याहून टिकवणे कठीण

वनातील लाकूड कायदेशीर मार्गाने आले, तोडीनंतरही वनाची पुनरुत्पादनक्षमता राखली गेली आणि स्थानिकांचे हक्क डावलले गेले नाहीत, याची त्रयस्थ संस्थेने तपासणीअंती दिलेली ग्वाही म्हणजे वनप्रमाणन. जगात याच्या दोन व्यवस्था प्रमुख आहेत : १९९३ साली स्थापन झालेली फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल (एफएससी) आणि १९९९ पासून कार्यरत असलेली, जिनिव्हास्थित पीईएफसी. दोन्हींत सहभाग ऐच्छिक असतो.

भारतात शासकीय वनव्यवस्थापनासाठी एफएससीचे प्रमाणपत्र प्रथम मिळवले ते गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड वनविभागाने. पुढे मध्य प्रदेश व त्रिपुरातील काही वनविभागही प्रमाणित झाले. मात्र या सर्व प्रमाणपत्रांची मुदत कालांतराने संपुष्टात आली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतःची योजना जाहीर केली, तेव्हा राज्यांपैकी केवळ उत्तर प्रदेश वन निगमाचे ४१ विभाग पीईएफसीच्या मानकांनुसार प्रमाणित होते.

असे का व्हावे, याचे उत्तर प्रक्रियेच्या स्वरूपात आहे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असले, तरी तपासणी दरवर्षी होते. गंभीर त्रुटी साधारणतः तीन महिन्यांत व किरकोळ त्रुटी वर्षभरात दूर करावी लागते. अन्यथा प्रमाणपत्र स्थगित होऊ शकते. आपल्या वनाधिकाऱ्यांना कार्य आयोजनेनुसार काम करण्याची सवय आहे. प्रमाणनात त्याखेरीज मजुरांची सुरक्षासाधने, दुर्मीळ अधिवासांचे नकाशे, गावकऱ्यांशी झालेली सल्लामसलत अशा प्रत्येक गोष्टीचा लेखी पुरावा लागतो. अधिकारी बदलून गेला की ही घडी नव्याने बसवावी लागते. शिवाय देशांतर्गत लिलावातील खरेदीदाराने प्रमाणित लाकडाला जादा भाव दिला नाही, तर तपासणीचा खर्च वनखात्याच्याच माथी पडतो.

भामरागड हा माडिया गोंडांचा प्रदेश. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन ग्रामसभांकडे येऊ शकते आणि बांबूची गणना गौण वनोपजात होते. त्यामुळे अशा ठिकाणी वनव्यवस्थापक म्हणजे केवळ वनखाते, असे मानून चालत नाही.

वनाबाहेरील वृक्षांचा प्रश्न निराळा आहे. बाजीराव पेशवे व त्र्यंबकराव दाभाडे यांच्यातील १७३१ च्या लढाईमुळे मराठी वाचकांना परिचित असलेला बडोदा जिल्ह्यातील डभोई परिसर मैदानी व शेतीप्रधान आहे. अशा भागात लाकूड उभे असते ते शेताच्या बांधावर आणि रस्त्यांच्या कडेला. डभोईपासून जवळच असलेले संखेडा सागवानी लाकडावरील लाखेच्या रंगकामासाठी प्रसिद्ध आहे. येथे वृक्षांचा व्यवस्थापक म्हणजे मोजकी झाडे असलेला शेतकरी, तर लाकडाचा मागोवा ठेवायचा तो लहानशा कार्यशाळेतील कारागिराने. स्वतंत्र तपासणीचा खर्च दोघांनाही झेपणारा नाही. त्यावर सामूहिक प्रमाणनाचा मार्ग आहे : अनेक उत्पादक एका प्रमाणपत्राखाली येतात, मध्यवर्ती संस्था नोंदी ठेवते आणि तपासनीस निवडक सभासदांची पाहणी करतात. परंतु संस्थेची देखरेख ढिली पडली, तर काहींच्या चुकीने सर्वांचेच प्रमाणपत्र धोक्यात येते.

केंद्राच्या ‘भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजने’त वनव्यवस्थापन, वनाबाहेरील वृक्ष आणि लाकडाचा वनापासून ग्राहकापर्यंतचा प्रवास अशा तिन्ही बाबींचे प्रमाणन होते. वनव्यवस्थापनाच्या मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणी-मुद्दे आहेत. हे मानक ‘राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०२३’चाच भाग असल्याने दुहेरी नोंदींचा भार हलका होण्यास वाव आहे. योजनेच्या संचालनाची जबाबदारी भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे.

गोव्यातील बागायतदारांनी एक भेद ध्यानात घ्यावा. युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी नियम लाकूड व रबराला लागू होतो. काजूचा त्यात समावेश नाही. तसेच प्रमाणपत्र असले, तरी ज्या भूखंडातून माल आला त्याचे भौगोलिक स्थान नोंदवण्यातून सूट मिळत नाही. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवणे इष्ट : प्रमाणित माल कोण विकत घेणार आणि पाच वर्षांनंतर नूतनीकरणाचा खर्च कोण सोसणार. यांची उत्तरे हाती नसतील, तर पहिल्या प्रमाणपत्राचे श्रम व पैसा वाया जाण्याचीच शक्यता अधिक.