गप्प बसवलेले जनुक काय सांगते?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात वैशाखाचे ऊन कसे असते, हे पारनेर-पाथर्डीच्या शिक्षकांना सांगायला नको. त्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाची कातडी रापते, पण बहुधा तेवढ्यावरच निभावते. याचे श्रेय आपण त्वचेतील काळ्या रंगद्रव्याला देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या श्रेयात आणखी एक वाटेकरी आहे. तो म्हणजे पेशीतील डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा.

उन्हातील अतिनील किरणांमुळे डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. सदऱ्याची दोन बटणे एकत्र शिवली गेली, तर ती काजात बसत नाहीत. तसाच प्रकार येथे होतो. दुरुस्तीची प्रथिने ही गाठ शोधतात, तिच्या दोन्ही बाजूंना काप देतात, सुमारे ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. मग समोरची साखळी पाहून नवा तुकडा विणला जातो. ही प्रथिने कशी बनवायची याच्या सूचना आपल्या जनुकांत असतात. कोणते जनुक कोणते काम करते, हे माणसाला कसे कळले?

याचा पहिला धडा आजारी मुलांकडून मिळाला. १८७०च्या दशकात व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी एका दुर्मीळ रोगाचे वर्णन केले. या रोगात लहान वयातच त्वचा कोरडी व डागाळलेली होते आणि पुढे उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर कर्करोगाच्या गाठी येतात. रोगाचे नाव झेरोडर्मा पिग्मेंटोसम. त्याचे कारण कळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील जेम्स क्लीव्हर यांनी अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर अतिनील किरण सोडले. निरोगी पेशी दुरुस्तीला लागल्या. रुग्णांच्या पेशींना ती नीट जमेना.

१९७२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी एकमेकींशी जोडल्या. काही जोड्यांत दुरुस्ती सुरू झाली! म्हणजे एकीत जे नव्हते ते दुसरीत होते. अशा जोड्या लावून पुढे सात गट ठरले आणि सात जनुकांचा माग लागला. १९७५ मध्ये जपानमधील कियोजी तानाका व सहकाऱ्यांनी निष्प्रभ केलेल्या सेंदाई विषाणूच्या मदतीने दुरुस्ती करणारे एक विकर रुग्णांच्या पेशींत पोचवले आणि थांबलेली दुरुस्ती पुन्हा चालू झाली. ‘अ’ गटाचे एक्सपीए हे जनुक तानाका यांच्याच गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले.

या वाटचालीत रुग्णांच्या पेशींवाचून पान हलत नव्हते. शिवाय एक शास्त्रीय अडचणही होती. दोन माणसांच्या पेशींत एकाच जनुकाचा नव्हे, तर असंख्य बारीकसारीक गोष्टींचा फरक असतो. मग दिसलेला परिणाम त्या एका जनुकाचाच, हे कशावरून म्हणायचे? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण वर्गात शिकवतो. येथे ते साधत नव्हते.

ही अडचण दूर होण्याची सुरुवात एका सूक्ष्म कृमीपासून झाली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी दाखवले, की दुपदरी आरएनए पेशीत गेला तर त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प होते. (या कामाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) मुख्याध्यापकांच्या कपाटातील मूळ आदेश तसाच राहावा, पण वर्गावर्गांत जाणाऱ्या त्याच्या नकला वाटेतच फाडल्या जाव्यात, असे हे आहे. २००१ मध्ये जर्मनीतील टॉमस टुश्ल यांच्या गटाने हे तंत्र माणसाच्या पेशींतही चालवून दाखवले. मात्र परिणाम काही दिवसच टिके.

दीर्घकाळ टिकणाऱ्या परिणामासाठी नकला फाडण्याची आज्ञा पेशीतच मुक्कामाला ठेवायला हवी होती. पेशीत शिरून तेथे आपल्या सूचना राबवणे हा तर विषाणूंचा धर्मच! त्यांची रोग करणारी जनुके काढून त्या जागी आपली आज्ञा भरली, की विषाणूचा वाहक होतो. २००२-०३ मध्ये असे वाहक तयार झाले. २००५ मध्ये फ्रान्समधील डेनिस बियार व सहकाऱ्यांनी एपस्टाइन-बार विषाणूची केवळ मुक्काम ठोकण्याची युक्ती उचलली. या विषाणूचा डीएनए गुणसूत्रात न घुसता वेगळ्या कड्यासारखा राहू शकतो आणि पेशीबरोबर दुणावतो. त्यांनी या तत्त्वावर बनवलेल्या कड्यांतून एक्सपीए व एक्सपीसी ही जनुके दीर्घकाळ गप्प ठेवली. त्या पेशी अतिनील किरणांपुढे रुग्णांच्या पेशींसारख्याच दुबळ्या ठरल्या. आता तुलनेच्या दोन्ही बाजूंना एकाच वंशाच्या पेशी होत्या, आणि फरक होता तो गप्प केलेल्या जनुकाचा.

अर्थात हे तंत्र निर्दोष नाही. जनुक पूर्ण गप्प होत नाही, थोड्या नकला निसटतात. कधी भलतेच जनुकही दबते. म्हणून निरर्थक आज्ञा भरलेला वाहक तुलनेसाठी वापरावा लागतो. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवी: दुरुस्तीचे जनुक असे गप्प करणे हा काचपात्रातील प्रयोग आहे, उपचार नव्हे. निरोगी माणसात ते करणे म्हणजे कर्करोगाला दार उघडून देणे.

मात्र विषाणू-वाहक हे साधन आपल्या महाराष्ट्रात उपचारापर्यंत पोचले आहे, तेही जनुक गप्प करण्यासाठी नव्हे, तर नवे जनुक देण्यासाठी. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींना लेंटिविषाणूमार्फत नवे जनुक दिले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. वाहक कोणता माल नेतो आणि तो कोणत्या पेशीत उतरवतो, यावर सारे अवलंबून असते. ‘विषाणू’ म्हटले की केवळ रोग आठवणाऱ्या मुलांना आपण हा फरक समजावून देऊ शकतो.