पागोटे, टोपी आणि आपला किनारा

महादेव गोविंद रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा वक्त्याच्या डोक्यावर पगडी असे आणि श्रोत्यांच्या डोक्यांवरही पगड्या, पागोटी किंवा रुमाल असत. बोडक्या डोक्याने चारचौघांत येणे हे अशुभाचे, सुतकाचे लक्षण समजले जाई. आज त्याच परंपरेतल्या या सभेत एकही पागोटे दिसत नाही. हा बदल केवळ कपड्यांच्या हौसेचा नाही. आपल्या डोक्यावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा एक जुना झगडा त्याच्यामागे आहे. त्या झगड्यात पालघर-तारापूरच्या किनाऱ्याचाही वाटा आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. पागोटे, पटका किंवा फेटा म्हणजे लांब वस्त्र. ते धन्याने रोज स्वतःच्या हाताने बांधावयाचे. पगडी मात्र कारागिराने एकदा घट्ट बांधून दिलेली. ती खुंटीवरून उचलावी आणि डोक्यावर ठेवावी. हे काम करणाऱ्याला पगडबंद म्हणत. पुणेरी पगडी वेगळी, शिंदेशाही वेगळी, होळकरी वेगळी. माणूस दुरून येताना दिसला की त्याचे गाव, धंदा आणि जात बांधणीवरून ओळखू येई. हौशी मनुष्याला यात मोठी गंमत होती. पागोट्याचा पीळ, रंग आणि जर यांची ओट्यावर बसून चर्चा होई. पण या गमतीला दुसरी बाजूही होती. ज्याला समाजाने खाली बसविले, त्याने वरच्यासारखे पागोटे बांधले तर गाव ते खपवून घेत नसे. पागोटे मान देई, तसे जागाही दाखवी.

आपल्या पूर्वजांनी तर परकीयांना नावच शिरोवेष्टनावरून दिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटले आहे. हे टोपीकर आपल्या दाराशीच होते. तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो लढून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव हा नामांकित सरदार पडला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचे बळ मोडले.

पुढे हाच तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांच्या घराण्याकडे इनाम म्हणून आला. या घराण्याची पेढी हैदराबादेत निजामाच्या राज्यापर्यंत पसरली होती. पारशी मंडळींची उंच, चकाकती, मागे कललेली पगडी या किनाऱ्यावरच्या लोकांच्या परिचयाची होती. इराणातून आलेल्या लोकांनी गुजराती व्यापाऱ्यांची पगडी उचलली आणि तिला आपला घाट दिला. मात्र प्रार्थनेच्या वेळी डोके झाकलेले असावे हा धर्माचा नियम त्यांनी सोडला नाही.

शेठजींच्या पगडीइतकाच इतिहास गरिबाच्या डोक्यावरही आहे. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याची तांबडी टोपी पाहा. ती डोक्याला घट्ट बसते, कारण वाऱ्यात उडणारे पागोटे होडीवर काय कामाचे? भातलावणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि आदिवासीच्या डोक्यावर इरले असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन. दोन्ही हात मोकळे राहतात आणि डोक्यापासून पाठीपर्यंत पाऊस लागत नाही. ज्याच्या त्याच्या अंगमापाने घरीच तयार होणारी ही वस्तू प्लास्टिकच्या कापडाने जवळजवळ हद्दपार केली. तिच्यावर कोणी पोवाडा रचला नाही. पण आपल्या ताटातील भात तिच्याच सावलीत लावला गेला.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. १८९३ साली दरबानच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने एका तरुण बॅरिस्टराला पगडी काढावयास सांगितले. तो पगडी न काढता बाहेर निघून गेला. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. १९१५ साली ते हिंदुस्थानात परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर भले मोठे काठेवाडी पागोटे होते. पुढे मात्र त्यांनी हिशेब केला. एका पागोट्याला लागणाऱ्या कापडात किती तरी डोकी झाकता येतील! म्हणून घडी करून खिशात ठेवता येईल अशी साधी खादीची टोपी त्यांनी पसंत केली. रंग पांढरा, कारण मळ चटकन दिसतो आणि धुण्याचा आळस करता येत नाही. नवल असे की १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपीही सोडली. टोपी त्यांच्या नावाची झाली, डोकी मात्र लोकांची राहिली.

या टोपीने एक मोठे काम केले. वकील, कुळवाडी, कोळी, शाळामास्तर या सर्वांच्या डोक्यावर तीच टोपी आली आणि तिच्यावरून जात ओळखता येईना. सरकारलाही ती खुपू लागली. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ही टोपी घालणे हाच अपराध ठरला. काही आण्यांच्या कापडासाठी माणसे मार खाऊ लागली, तेव्हा त्या कापडाची किंमत बाजारभावाने मोजता येईना.

ही किंमत पालघरनेही मोजली. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या घोषणा देत आसपासच्या गावांतून लोक पालघरला आले. मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र माधव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तेवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. ही पाच नावे सावकाश वाचा. आडनावे निरनिराळी, घरे निरनिराळी; पागोट्यांच्या जुन्या हिशेबाने हे पाच जण एका पंक्तीत बसले असते की नाही, कोणास ठाऊक! त्या दिवशी ते एका रांगेत चालले.

स्वातंत्र्यानंतर टोप्यांचे रंग पक्षांचे झाले. पांढरी, काळी, लाल. मग भाषेने आपला निकाल दिला. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे आणि ‘टोपी फिरविणे’ म्हणजे शब्द बदलणे, हे वाक्प्रचार पुढाऱ्यांना नेमके लागू पडू लागले आणि टोपी खुंटीवर गेली. पगडीचेही तेच. मुंबईत ‘पगडी’ म्हणजे भाड्याच्या जागेसाठी मोजावयाची रक्कम! २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक चिन्हांकनाचे संरक्षण मिळाले. पाडव्याच्या शोभायात्रेत तरुण-तरुणी हौसेने फेटे बांधतात, एकमेकांच्या फेट्यांची वाखाणणी करतात. ही हौस चांगली आहे; तिच्यामुळे बांधणाऱ्याचे हात तरी जिवंत राहतात. परंतु रोजची टोपी पाहावयाची असेल तर मुंबईच्या डबेवाल्याकडे पाहावे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवसायात पांढरी टोपी म्हणजे विश्वासाची खूण आहे.

आणि आपल्या बोईसर-तारापूरला? १९६९ साली येथे अणुवीज केंद्र सुरू झाले, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. पाळी सुटते तेव्हा फाटकातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात शिरस्त्राण असते. कोणी त्याला हेल्मेट म्हणतो, कोणी टोपीच म्हणतो. पुष्कळ ठिकाणी त्याच्याही रंगावरून हुद्दा कळतो. म्हणजे पागोट्याची जुनी खोड नव्या टोपीतही उतरली आहे. रंग वेगळे असोत, त्याला हरकत नाही. साहेबाचे शिरस्त्राण जितके मजबूत, तितकेच कंत्राटी मजुराचेही आहे ना, एवढे आपण विचारावे. कारण डोके सर्वांचे सारखेच नाजूक असते.