मिरचीची वंशपरीक्षा

मराठींत मिरी आणि मिरची हे शब्द इतके जवळचे आहेत, कीं या दोघी एकाच घरच्या लेकी असाव्यात असें कोणासही वाटावें. वस्तुतः त्यांचें एकमेकींशीं कांहींच नातें नाहीं. मिरी ही आपल्या मलबारची वेल. मिरची ही दूर अमेरिकेंतली, वांगें, बटाटा आणि टोमॅटो यांच्या कुळांत जन्मलेली. १४९२ सालीं कोलंबस पूर्वेकडील संपत्तीच्या शोधांत निघाला, आणि अमेरिकेच्या बेटांवर त्याला हीं तिखट फळें मिळालीं. स्पॅनिश लोकांनीं मिऱ्यांच्या नांवावरूनच त्यांचें नांव बनविलें. पुढें पोर्तुगीजांच्या जहाजांतून तें झाड आपल्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां आपणही दुसरें कांहीं केलें नाहीं. अनोळखी पाहुण्याला ओळखीच्या नांवानें हाक मारावी, हा मनुष्यस्वभावच आहे.

पण, श्रोतेहो, शास्त्रज्ञ तरी या स्वभावाला अपवाद असतात काय? १७५३ सालीं स्वीडनच्या लिनिअसनें वनस्पतींचें प्रसिद्ध नामकरण केलें, त्यांत मिरचीच्या दोन जाति सांगितल्या. पहिलीला त्यानें ‘ॲन्युअम’ म्हणजे एका वर्षाचें आयुष्य असलेली म्हटलें, आणि दुसरीला ‘फ्रुटेसेन्स’ म्हणजे झुडपासारखी. उष्ण देशांत ती पहिली जातही अनेक वर्षें जगूं शकते. तिचा जीव जातो तो थंड देशांतल्या हिंवाळ्यानें! १७७६ सालीं व्हिएन्नाच्या जाक्विननें आणखी एका मिरचीला ‘चिनेन्स’ हें नांव दिलें, कारण तिचें माहेर चीन असावें अशी त्याची समजूत होती. ती मिरचीही अमेरिकेचीच. परंतु शास्त्रीय नामकरणाच्या नियमांप्रमाणें पहिलें नांव सहसा पुसतां येत नाहीं. म्हणून ती बिचारी आजही कागदोपत्रीं चिनी आहे.

नांवांची ही कथा झाली. रूपाची त्याहून अवघड. भाजी करण्याची ढोबळी मिरची आणि तिखटाला रंग देणारी सुरकुतलेली ब्याडगी यांना शेजारीं शेजारीं ठेवा. एक फुगीर आणि गोडसर, दुसरी लांब आणि तिखट. तरी दोघी एकाच ॲन्युअम जातीच्या आहेत. फळाचा आकार, रंग, तिखटपणा यांवर माणसानें हजारों वर्षें निवड केली आहे. म्हणून या गोष्टी लवकर बदलतात आणि वंशाविषयीं फसवी साक्ष देतात. जाणते वनस्पतिशास्त्रज्ञ फळापेक्षां फुलाकडे अधिक पाहतात: एका पेराला फुलें किती, त्यांचा रंग कोणता, देंठ जेथें फुलाला मिळतो तेथें आंवळल्यासारखी कडी आहे कीं नाहीं. पण दोन जातींचा संकर झाला, म्हणजे फुलाची साक्षही डळमळूं लागते.

असाच एक वाद आपल्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत उभा राहिला. आसाम आणि नागालँड या प्रदेशांत एक अति जहाल मिरची पिकते. आसामांत तिला भूत जोलोकिया म्हणतात, नागालँडांत नागा मिर्चा. १९१२ सालीं विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानें तिखटपणा मोजण्याची युक्ति काढली होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यांत कितीपट पातळ केल्यावर जिभेला तिखट लागेनासा होतो, तो आंकडा म्हणजे तिचें माप. आतां हें माप यंत्रानें काढतात. २००० सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं या ईशान्येकडील मिरचीचें माप ८,५५,००० असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि तिची गणना फ्रुटेसेन्स जातींत केली. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेत या मिरचीचें बीं २००१ सालीं पोंचलें. तेथें तें लावून वाढविल्यावर तिचें माप दहा लाखांवर गेलें, आणि २००७ सालीं जगांतील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. पुढें हा मान इतर मिरच्यांकडे गेला. पण रूप पाहतां ती त्या संस्थेंतील अभ्यासकांना चिनेन्स वाटली. मग खरें कुळ कोणतें?

येथें जनुकीय खुणांचें साहाय्य घ्यावें लागलें. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचा लांब धागा असतो, आणि त्यावर चार अक्षरांच्या लिपींत त्याची वंशावळ लिहिलेली असते. मिरचीच्या धाग्यांत अशीं तीनशें कोटींहून अधिक अक्षरें आहेत. तो २०१४ सालीं वाचून प्रसिद्ध झाला. परंतु ओळख पटविण्यासाठीं सारी पोथी वाचण्याचें कारण नसतें. कोंवळ्या पानांतून डी. एन. ए. काढून त्यांत दहा अक्षरांचे कृत्रिम तुकडे सोडतात. ते धाग्यावर जेथें जेथें जुळतात, तेथल्या भागाच्या यंत्रानें असंख्य प्रती होतात. या प्रती एका जेलीसारख्या पदार्थांतून विजेच्या ओढीनें पळविल्या, म्हणजे लहान तुकडे पुढें जातात, मोठे मागें राहतात, आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा उमटतात. एका जातींत एक रेघ असते, दुसरींत ती नसते. हीच खूण. तिला ऊन, पाऊस वा खत बदलूं शकत नाहीं.

२००७ सालीं पॉल बॉसलंड आणि त्यांचे सहकारी यांनीं या खुणांचा निकाल प्रसिद्ध केला. भूत जोलोकियाच्या रेघा मुख्यतः चिनेन्सशीं जुळल्या. पण कांहीं रेघा फ्रुटेसेन्सच्या होत्या. म्हणजे केव्हांतरी या दोन जातींचा निसर्गतःच संकर झाला असावा आणि त्याची संतति पुनः चिनेन्सशीं मिसळली असावी, असें अनुमान निघालें. आधींच्या शास्त्रज्ञांना जें रक्त दिसलें तें अगदींच काल्पनिक नव्हतें. तें त्या वंशांत थोडें होतें खरें.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. मिरचीचें बीं हातांत घेऊन तें कोणत्या वाणाचें हें डोळ्यांना सांगतां येत नाहीं. भेसळ कळते ती फळ धरल्यावर, आणि तोंवर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो. रोपाच्या एका पानावरून ती आधीं उघडकीस आणतां आली, तर एका कुटुंबाचें वर्ष वांचतें. अर्थात् या साधनालाही मर्यादा आहेत. वर सांगितलेली पद्धति प्रयोगांतल्या लहानशा फरकानेंही निराळ्या रेघा दाखविते. म्हणून आतां अधिक विश्वसनीय खुणा वापरतात. शिवाय खुणा वाचायच्या त्या कशाशीं तरी ताडून. ज्या वाणाचा अस्सल नमुना कोणीं राखलेलाच नाहीं, त्याच्यापुढें प्रयोगशाळाही मुकी होते.

आणखी एक गोष्ट या रेघांत दिसत नाहीं. २००८ सालीं नागालँडच्या या मिरचीला भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें. तेंच बीं न्यू मेक्सिकोंत पेरलें तरी रेघा त्याच उमटतील; कोणत्या डोंगरावर, कोणाच्या हातांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या जपलें गेलें, हें त्या सांगणार नाहींत. नांवानें आपण फसलों, रूपानें फसलों. जनुकीय खुणांनीं वंश कळला, परंतु ऋण कळण्यासाठीं इतिहासच वाचला पाहिजे. प्रयोगशाळेनें बियाण्याचें कुळ सांगावें, आणि समाजानें तें जपणाऱ्यांचीं नांवें विसरूं नयेत. या दोन्ही साक्षी एकत्र आल्या, तरच मिरचीची ओळख पुरी झाली असें म्हणतां येईल.